सीनियर वर्षात इंग्लिशला एफ मिळालाय. कॉलेजला कळवायचं का?

ताई, नमस्कार.

आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो, मूळचे नाशिकचे. थोरला मुलगा बारावीत आहे, मार्चमध्ये त्याला अठरा पूर्ण होतील. गेल्या आठवड्यात पहिल्या सेमिस्टरचे ग्रेड आले. कॅल्क्युलस, फिजिक्स, कॉम्प्युटर सायन्स तिन्हीकडे ए, गव्हर्नमेंटला बी आणि एपी (कॉलेजच्या पातळीच्या) इंग्लिश लिटरेचरला चक्क एफ. माझा विश्वासच बसेना. आजवर त्याला कधी सीसुद्धा मिळाला नव्हता. विचारलं तर म्हणतो, "काही निबंध द्यायचे राहिले," आणि खोलीचं दार लावून घेतो.

त्याने यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या) पाच कॅम्पसना, सॅन होजे स्टेटला आणि चार खाजगी विद्यापीठांना अर्ज केलेत, सगळे कॉम्प्युटर इंजिनिअरिंगसाठी. त्यातल्या एका खाजगी विद्यापीठाने डिसेंबरातच अर्ली ॲक्शनमध्ये (लवकर अर्ज, लवकर निर्णय) प्रवेश दिला. आम्ही पेढेसुद्धा वाटले. आता हे. मिस्टर म्हणतात, "मलाही दोन विषयांत केटी लागली होती, झालो ना इंजिनिअर? यूसी दहावी-अकरावीचेच मार्क धरते. त्यात हा विषय इंग्रजीचा. गप्प बसा, मार्चमध्ये निकाल लागू दे, मग बघू." मला मात्र रात्र रात्र झोप नाही. सासूबाई रोज फोनवर विचारतात, कुठलं कॉलेज ठरलं म्हणून. सगळंच हातातून गेलं का? कळवायचं की गप्प बसायचं? आणि या मुलाशी बोलू तरी कसं?

एक आई, फ्रीमाँट

*

प्रिय मैत्रिणी,

सगळं हातातून गेलेलं नाही. कळवायचं आहे, ते मुलाने स्वतः कळवायचं आहे, आणि मार्चची वाट न बघता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं जरा शांतपणे वाचाल.

तुमच्या मिस्टरांच्या बोलण्यापासून सुरुवात करते, कारण त्यात अर्धं खरं आहे आणि म्हणूनच ते धोक्याचं आहे. यूसी जो जीपीए (ग्रेडची सरासरी) काढते त्यात दहावी आणि अकरावीचेच ग्रेड धरतात. बारावीचा एफ त्या आकड्यात येत नाही, तिथला जीपीए होता तसाच राहणार. पण जीपीए ही यूसीची एक अट झाली. दुसरी अट ए-जी विषयांची आहे: एकूण १५ वर्षभराचे विषय, प्रत्येकात सी किंवा त्याहून वरचा ग्रेड. त्यात इंग्लिश चार वर्षं लागतं, म्हणजे नववी ते बारावी सगळी वर्षं. सॅन होजे स्टेट आणि बाकीची सगळी सीएसयू, म्हणजे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीची विद्यापीठं, हीच ए-जी यादी मानतात. तुमच्या मुलाचं आजघडीला साडेतीन वर्षांचं इंग्लिशसुद्धा पूर्ण नाही. तीन वर्षं पूर्ण आहेत, चौथ्याचा पहिला अर्धा भाग रिकामा आहे, आणि दुसरा अर्धा आता चालू आहे.

हाच एफ कॅल्क्युलसला मिळाला असता तर मी थोडी कमी घाबरले असते. गणितात आणि परकीय भाषेत यूसीची एक सवलत आहे: पहिल्या सेमिस्टरला डी किंवा एफ आला आणि दुसऱ्याला सी किंवा वर मिळवला, तर ए-जीच्या हिशेबात पहिलं सेमिस्टर भरून निघालं असं धरतात. शिवाय गणित तीन वर्षंच सक्तीचं आहे, आणि कॅल्क्युलसपर्यंत पोहोचलेल्या मुलाचं ते केव्हाच झालेलं असतं. इंग्लिशला ही सवलत नाही. दुसऱ्या सेमिस्टरला ए आणला तरी पहिल्याची जागा रिकामीच राहते, ती वेगळी भरावी लागते. त्यामुळे "विषय इंग्रजीचा आहे, इंजिनिअरिंगला काय करायचंय" हे म्हणणं इथे उलटं पडतं. नापास व्हायला यापेक्षा अडचणीचा विषय क्वचितच सापडेल.

याच्याही आधी डिप्लोमा येतो. हायस्कूलच्या पदवीसाठी कॅलिफोर्नियाच्या कायद्यात इंग्लिश तीन वर्षं सांगितलंय, पण बरेच स्कूल डिस्ट्रिक्ट स्वतःच्या नियमाने चार वर्षं मागतात. तेव्हा काउन्सेलरला पहिला प्रश्न कॉलेजचा विचारू नका. "याचे जूनमध्ये पदवीचे क्रेडिट पूर्ण होतात का?" हा पहिला प्रश्न. (गव्हर्नमेंटला बी आहे हे बरं झालं. तो अर्ध्या वर्षाचा विषय राज्याच्या कायद्यातच सक्तीचा आहे, आणि त्याच्या जोडीचं इकॉनॉमिक्सही. ते बहुधा आता दुसऱ्या सेमिस्टरला असेल, तिथे ढिलाई नको.)

केटीचं म्हणाल, तर आपल्यापैकी पुष्कळांच्या डोक्यात तोच हिशेब पक्का बसलाय. विद्यापीठाची परीक्षा, एखादा विषय राहिला, पुढच्या वेळी पुन्हा बसायचं, सुटला की सुटला. बोर्डातसुद्धा बारावीला एखादा विषय गेला तर पुरवणी परीक्षा असते. इथे तशी मध्यवर्ती परीक्षाच नाही. ग्रेड त्या वर्गात, त्या शिक्षकाच्या हाताखाली, आठवड्या-आठवड्याला साठत जातो आणि सेमिस्टर संपलं की ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे शाळेच्या गुणपत्रकावर, छापला जातो. विषय पुन्हा केला तर नवा ग्रेड येतो, पण तो या एफसोबत येतो. वाचणाऱ्याला दोन्ही दिसतात. मे महिन्यातल्या एपी परीक्षेत पाचपैकी पाच गुण मिळाले तरी शाळेचा एफ आपोआप पुसला जात नाही.

तुम्हाला हा एफ अचानक आला असं वाटतंय. एक काम करा. मुलाच्या शेजारी बसा आणि शाळेचं ग्रेड पोर्टल उघडा, वरचं अक्षर बघायला नाही, खालची यादी बघायला. प्रत्येक काम, त्याची तारीख, मिळालेले गुण. काही ओळींपुढे "मिसिंग" लिहिलेलं दिसेल आणि गुणांच्या जागी शून्य. आता नुसतं गणित करून पाहा. समजा पाच मोठे निबंध होते. तीन दिले, प्रत्येकी ८५ मिळाले. दोन दिलेच नाहीत. बेरीज २५५, भागिले पाच, सरासरी ५१, म्हणजे एफ. त्या दोन निबंधांत काहीबाही लिहून ६० - ६० जरी मिळवले असते तरी सरासरी ७५ झाली असती, म्हणजे सी. ज्याला लिहिता येतं, समजतं, तीन निबंधांत बी मिळतो, अशा मुलाचा एफ असा तयार होतो. हे पाहिलं की घरात "हा नापास झालाच कसा" ही ओरड थांबते आणि "हे दोन निबंध का दिले नाहीत" हा खरा प्रश्न समोर येतो. त्या प्रश्नाकडे मी पुढे येतेच.

आधी कळवण्याचं. कारण गप्प बसून काही लपत नाही, फक्त कळण्याची वेळ पुढे जाते.

खाजगी विद्यापीठांचे अर्ज कॉमन ॲपवरून (अनेक विद्यापीठांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज) गेले असतील, तर पहिल्या सेमिस्टरचे ग्रेड लागले की काउन्सेलर "मिडइयर रिपोर्ट" पाठवतात. जी विद्यापीठं तो मागतात त्यांना हा एफ फेब्रुवारीतच दिसेल, निर्णय घ्यायच्या आधी. यूसीचं वेगळं आहे. तिथे अर्जात ग्रेड मुलाने स्वतः भरलेले असतात आणि बारावीच्या विषयांपुढे "चालू आहे" एवढंच लिहिलेलं असतं. शाळेची ट्रान्सक्रिप्ट यूसी एकदाच मागवते, प्रवेश घेतल्यानंतर, १ जुलैपर्यंत. तुमच्या मिस्टरांना वाटतंय ती फट हीच. पण यूसीच्या नियमात अर्जदाराची जबाबदारी स्पष्ट सांगितलेली आहे: अर्ज पाठवल्यानंतर विषय बदलला, सोडला, किंवा डी-एफ आला, तर ते अर्जदाराने कळवायचं. आणि प्रवेशपत्र येतं ते अटींसकट येतं. प्रत्येक कॅम्पसच्या अटी थोड्या वेगळ्या असतात, पण साधारण सूर हाच: सीनियर वर्षात एकही डी किंवा एफ नको, वर्षाची सरासरी बी च्या खाली नको, सांगितलेले सगळे विषय पूर्ण हवेत. मार्चमध्ये तो "प्रवेश स्वीकारतो" असं बटण दाबेल तेव्हा या अटी मान्य आहेत असं लिहून देत असेल, आणि त्या क्षणी एक अट आधीच मोडलेली असेल. मग मे महिन्यात बाकीच्या सगळ्या जागा सोडून द्यायच्या, डिपॉझिट भरायचं, हॉस्टेलची खोली निवडायची, आणि जुलैत ट्रान्सक्रिप्ट पोहोचल्यावर पत्र यायचं की प्रवेश रद्द. त्या वेळी हातात दुसरं काहीच उरलेलं नसतं.

हे मी घाबरवायला लिहीत नाहीये. २०१७ च्या उन्हाळ्यात यूसी अर्व्हाइनने ४९९ मुलांचे प्रवेश रद्द केले होते, सत्र सुरू व्हायला जेमतेम दोन महिने उरले असताना. त्यातल्या निम्म्याहून जास्त मुलांचं कारण कागदपत्रांचं होतं, ट्रान्सक्रिप्ट वेळेत किंवा नीट पोहोचली नाही एवढंच. बाकीच्यांत मुख्य कारण सीनियर वर्षाचे ग्रेड. खूप आरडाओरडा झाला, चॅन्सलरनी जाहीर माफी मागितली आणि कागदपत्रांपायी गेलेले प्रवेश परत दिले. ग्रेडमुळे गेलेल्यांना मात्र अपील करावं लागलं. म्हणजे विद्यापीठ चुकलं असं सगळे म्हणत असतानाही ग्रेडची अट कुणी माफ केली नाही.

आता कळवायचं कसं. अठरा पूर्ण झाले की शाळेच्या नोंदींवरचे पालकांचे हक्क कायद्याने मुलाकडे जातात. कॉलेजच्या प्रवेश कार्यालयाला तर आजही त्याच्याशीच बोलायचं आहे. आईचा किंवा वडिलांचा फोन गेला की पलीकडच्या माणसाला पहिली शंका हीच येते की या मुलाला स्वतःचं निस्तरता येत नाही. तेव्हा पत्र त्याचं, नाव त्याचं, अकाउंट त्याचं. तुम्ही फार तर शेजारी बसा.

क्रम असा ठेवा. आधी काउन्सेलर, कारण मिडइयर रिपोर्टवर त्यांना दोन ओळी लिहिता येतात, आणि मुलगा आधी येऊन बोलला असेल तर त्या ओळी वेगळ्या असतात. मग इंग्लिशचे शिक्षक. मग कॉलेजं: ज्याने प्रवेश दिलाय ते सर्वांत आधी, नंतर यूसीचे पाचही कॅम्पस आणि सॅन होजे स्टेट आपापल्या पोर्टलवर सांगितलेल्या मार्गाने, आणि उरलेली खाजगी.

पत्र छोटं असावं. इंग्रजीतच जाईल, पण आशय साधारण असा:

"पहिल्या सेमिस्टरला एपी इंग्लिश लिटरेचरमध्ये मला एफ मिळाला आहे. नेमून दिलेल्या निबंधांपैकी दोन मी दिले नाहीत. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मी कामाचा अंदाज चुकवला आणि मागे पडल्यावर शिक्षकांकडे मदत मागितली नाही. बाकीच्या विषयांत माझे ग्रेड असे असे आहेत. हे सेमिस्टर मी अमुक कोर्स करून भरून काढत आहे, तो अमुक तारखेला पूर्ण होईल. चालू सेमिस्टरमध्ये आजपर्यंतचं सगळं काम दिलेलं आहे. काउन्सेलरना याची कल्पना आहे. आणखी काही माहिती हवी असल्यास मी देईन."

बस, एवढंच. शिक्षक कडक आहेत, वर्ग अवघड होता, मी मुळात गणिताचा मुलगा, यातलं एकही वाक्य नको. घरात खरोखरच काही घडलं असेल, आजारपण, कुणाचं जाणं, वडिलांची नोकरी, तर एका वाक्यात सांगावं. नसेल तर शोधून काढू नये. "भरून काढत आहे" या वाक्यासाठी मात्र आधी ती सोय झालेली असायला हवी, म्हणून पुढचं वाचा.

भरून काढायचे रस्ते तीन. एक, शाळेचाच किंवा डिस्ट्रिक्टचा क्रेडिट रिकव्हरी वर्ग किंवा समर स्कूल. दोन, ऑनलाइन कोर्स; यात यूसीचाच "यूसी स्काउट" नावाचा कार्यक्रम आहे, त्यांचे कोर्स ए-जीत धरले जातात. तीन, कम्युनिटी कॉलेज, म्हणजे दोन वर्षांचं सार्वजनिक कॉलेज. तुमच्या गावातच ओलोनी कॉलेज आहे, हायस्कूलमध्ये असताना काउन्सेलरच्या सहीने तिथे नाव घालता येतं, आणि यूसीला चालणारा एका सत्राचा इंग्लिश कोर्स शाळेच्या एका पूर्ण वर्षाइतका धरतात. लिहिता येणाऱ्या मुलाला मला हा तिसरा रस्ता सगळ्यांत चांगला वाटतो. पण एक अट: त्याच्याच्याने ते झेपायला हवं. शाळेतलं इंग्लिश, बाकीचे चार अवघड विषय आणि वर कॉलेजचा कोर्स, असं ओझं टाकून तिकडेही एफ आला तर आपण खड्डा आणखी खोल केला. ऑनलाइन कोर्सच्या जाहिराती तुम्हाला पुष्कळ दिसतील, "दोन आठवड्यांत क्रेडिट" म्हणणाऱ्यासुद्धा. पैसे भरण्याआधी दोन गोष्टी लेखी विचारा: कोर्स यूसीच्या ए-जी यादीत आहे का, आणि आपली शाळा तो ट्रान्सक्रिप्टवर चढवेल का. आणि कोर्स संपण्याची तारीख १ जुलैच्या आत हवी. समर स्कूल त्यानंतर संपत असेल तर कॉलेजला ते आधी सांगून त्यांचं "चालेल" लेखी घ्या.

एपी लिटरेचर सोडून साध्या बारावीच्या इंग्लिश वर्गात जावं का, असाही विचार तुमच्या मनात येईल. जागा असेल तर बऱ्याच शाळा सेमिस्टरच्या सुरुवातीला बदलू देतात. जायला हरकत नाही, दुसऱ्या सेमिस्टरला पक्का ग्रेड मिळणं एपीच्या नावापेक्षा आता मोलाचं आहे. हा बदलही कॉलेजला कळवावा लागतो, तो त्याच पत्रात घाला. विषय पूर्णपणे सोडून देणं मात्र चालणार नाही. चौथं वर्ष मग कधीच पूर्ण होणार नाही.

शिक्षकांशी भांडायला जाऊ नका. कॅलिफोर्नियाच्या शिक्षण कायद्याच्या कलम ४९०६६ प्रमाणे शिक्षकाने दिलेला ग्रेड अंतिम असतो. लिहिण्यात चूक, फसवणूक, दुष्ट हेतू किंवा अपात्रता हे सिद्ध झालं तरच तो बदलतो. प्रिन्सिपॉलकडे जाऊन आवाज चढवून काही बदलत नाही, उलट ज्यांच्याकडून मदत हवी त्यांचंच मन विटतं. मुलाने एकट्याने जाऊन विचारायचे प्रश्न साधे आहेत: राहिलेले निबंध आता दिले तर काही उपयोग आहे का? नसेल तर या सेमिस्टरला सी च्या खाली जाऊ नये म्हणून मी दर आठवड्याला काय दाखवू? पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुधा "नाही" येईल. तरी विचारावं.

कॉलेजं काय करतील? इथे तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. यूसीचे जे कॅम्पस सर्वांत जास्त चुरशीचे आहेत, तिथे कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला सगळे ए असलेली मुलंही परत जातात. त्या जागी हा एफ बहुतेक महागात पडेल. बाकी ठिकाणी दार तेवढं बंद नाही, कारण दहावी-अकरावीचा जीपीए मजबूत आहे आणि घसरण एकाच विषयात आहे, तीही भरून काढण्याच्या योजनेसकट. काही जण म्हणतील, जूनपर्यंत बघू. काही जण नुसतं "नोंद घेतली" म्हणून थांबतील, आणि ते उत्तर चांगलं समजा. ते जपून ठेवा. ज्याने डिसेंबरात प्रवेश दिलाय त्याचं पत्र पुन्हा काढून वाचा, शेवटाकडे एक वाक्य असेल की हा प्रवेश सीनियर वर्ष आतासारखंच पार पाडण्यावर अवलंबून आहे. त्या विद्यापीठाला जानेवारीत कळलं आणि त्यांनी प्रवेश कायम ठेवला, तर त्या उत्तराच्या आधारावर तुम्ही निर्धास्त पुढचं ठरवू शकता. जुलैत कळलं तर तसा आधार कुठलाच नसतो.

आता ते दार लावून घेणं.

पहिल्या सेमिस्टरच्या महिन्यांचा हिशेब करताना मला एक गोष्ट खटकली. ते निबंध राहिले ते बहुधा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. त्याच महिन्यांत या मुलाने यूसीसाठी साडेतीनशे शब्दांची चार उत्तरं लिहिली, कॉमन ॲपचा साडेसहाशे शब्दांचा निबंध लिहिला, आणि चार खाजगी विद्यापीठांचे वेगवेगळे पुरवणी निबंध लिहिले. मी कोण आहे, मी काय सोसलं, मला काय व्हायचंय, हे पुन्हा पुन्हा, प्रत्येक वेळी थोडं अधिक चमकदार. घरात सगळ्यांचं लक्ष त्याच निबंधांवर असणार: झाला का, दाखव, ही ओळ बदल. वर्गातल्या निबंधाबद्दल कुणी विचारलं नसेल, कारण इंग्लिशची काळजी करायचं कधी कारणच पडलं नव्हतं. सतरा वर्षांच्या मुलाकडे लिहिण्याची जेवढी ताकद असते ती सगळी अर्जांत गेली असण्याची दाट शक्यता आहे. पहिला निबंध चुकला, मग लाज वाटली, मग दुसरा, मग पोर्टल उघडायचीच भीती. हुशार मुलांचं असं होतं, आणि ती सांगत नाहीत, कारण त्यांना नापास होण्याची सवयच नसते.

तेव्हा "का केलंस" हा प्रश्न चार दिवस बाजूला ठेवा. गाडीत बसून बोला, इथली मुलं समोरासमोरच्या खुर्चीपेक्षा गाडीत जास्त बोलतात. "तुझा ग्रेड मी पाहिला, मी रागावले नाहीये, यातून बाहेर पडायचा रस्ता मला समजलाय, तुला कधी ऐकायचाय ते सांग," एवढं म्हणा आणि खरंच थांबा. बाबांनी आपल्या केटीची गोष्ट सांगायला हवी, पण "मी झालो ना इंजिनिअर" हा शेवट गाळून. त्या रात्री यादीत स्वतःचं नाव दिसलं नाही तेव्हा कसं वाटलं होतं, घरी कसं सांगितलं, एवढंच. मुलाला सध्या त्या भागाची गरज आहे.

आणि नीट बघा. झोप, जेवण, मित्रांकडे जाणं, आवडीच्या गोष्टी यांतलं काही महिन्या-दोन महिन्यांपासून सुटलंय का? निबंध न देणं हे नुसतं वेळेचं गणित चुकणं असू शकतं, तसंच ते नैराश्याचं किंवा लक्ष न लागण्याचंही लक्षण असू शकतं. शंका आली तर डॉक्टरांची वेळ घ्या आणि शाळेकडे ५०४ प्लॅनबद्दल विचारा. त्यातून परीक्षेला जास्त वेळ, कामाच्या मुदतीत सवलत अशा सोयी मिळतात. आपल्या लोकांत याला अजून नाव ठेवतात, म्हणून मुद्दाम लिहिते, त्यात कमीपणा काही नाही. त्याच्या तोंडून जगण्याचा कंटाळा आला अशी भाषा निघाली, तर कॉलेज, ग्रेड, पत्र सगळं सोडा आणि त्याच क्षणी ९८८ या संकटकाळच्या हेल्पलाइनवर फोन करा किंवा मेसेज पाठवा, दिवसरात्र चालू असतो.

सासूबाईंना सांगा की कॉलेजचं पक्कं उत्तर मे महिन्यात कळेल. हे खरंच आहे, १ मे ही इथली ठरवण्याची तारीख. पेढे वाटलेल्यांना काही सांगायची गरज नाही. मुलाच्या परवानगीशिवाय त्याचा ग्रेड मंडळाच्या कार्यक्रमात किंवा व्हॉट्सॲपवर कुणालाही सांगू नका, अगदी सल्ला विचारायला म्हणूनसुद्धा. त्याला कुठून तरी परत ऐकू आलं तर ते दार पुन्हा उघडणार नाही.

आणि समजा सगळीकडून नकार आले किंवा मिळालेला प्रवेश गेला. तर ओलोनी किंवा डी ॲन्झा हे दुसरं कम्युनिटी कॉलेज. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना कम्युनिटी कॉलेजची फी युनिटला ४६ डॉलर आहे. दोन वर्षं तिथे नीट अभ्यास करून यूसीत तिसऱ्या वर्षाला जाता येतं, आणि डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ या सहांपैकी एका कॅम्पसशी हमीचा करारही करता येतो, ठरलेले विषय आणि ठरलेला जीपीए मिळवला की प्रवेश पक्का. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगसारख्या काही शाखा या हमीतून वगळलेल्या असू शकतात, तेव्हा त्या वर्षीची यादी बघून कॅम्पस निवडायचा. त्या पदवीवर पहिली दोन वर्षं कुठे काढली हे छापलेलं नसतं. हा रस्ता तुमच्या मिस्टरांना आजच दाखवून ठेवा. "गप्प बसा" हे ते भीतीपोटी म्हणतायत, आणि खाली जमीन आहे हे दिसलं की कळवायला तेही तयार होतील असं मला वाटतं.

सोमवारी सकाळी काउन्सेलरची वेळ मुलाने स्वतः मागायची. जाताना पोर्टलवरची ती यादी छापून न्यायची. आणि जूनमध्ये शेवटचे ग्रेड लागले की शाळेच्या ऑफिसमधून अंतिम ट्रान्सक्रिप्ट गेली का हे विचारायचं, कॉलेजच्या पोर्टलवर "मिळाली" असं दिसेपर्यंत पुन्हा पुन्हा विचारायचं. उन्हाळ्यात ऑफिसं बंद असतात, म्हणून शाळा सुटायच्या आत.